आमच्या तीन लसी

मोबाइलची मेमरी भरली की मी बसून जुनं सगळं काढून टाकते. लग्नाची आमंत्रणं, शाळेच्या ग्रुपवरची परिपत्रकं, ईदच्या शुभेच्छांचे ढीग. एक कागद मात्र दरवेळी तसाच राहतो. कोरोनाच्या लसीच्या पहिल्या डोसचं प्रमाणपत्र. त्याची आता काही गरज नाही. दुसरा डोस झाला, अंतिम प्रमाणपत्र मिळालं आणि हल्ली तेही कुणी मागत नाही. पण त्या पहिल्या कागदावर ६ मे २०२१ ही तारीख आहे आणि लस घेतल्याचं ठिकाण म्हणून जव्हारच्या पुढच्या एका गावाचं नाव आहे. मी राहते नालासोपाऱ्यात. त्या दिवसाआधी मी त्या गावाचं नावही ऐकलेलं नव्हतं आणि नंतर पुन्हा कधी गेले नाही.

तो एप्रिल तुमच्याही लक्षात असेल. वसई-विरारमध्ये तेव्हा रात्रभर रुग्णवाहिकांचे आवाज यायचे. कुणाला बेड मिळत नव्हता, कुणाला ऑक्सिजन, कुणाला रेमडेसिवीर. २३ एप्रिलला पहाटे विरारमध्ये एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि आत असलेले रुग्ण गेले. सहरीला उठलो तेव्हा ती बातमी मोबाइलवर होती. त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान गेले. एकेचाळीस वर्षांचे, धडधाकट माणूस. जनाजाला पाच-सहा जण होते. बहीण घराच्या दारातून पाहत राहिली. मी तिला मिठीसुद्धा मारू शकले नाही.

घरात अम्मीला लस मिळाली होती, कारण ती सत्तरीची. माझ्या मिस्टरांनाही मिळाली होती, ते सत्तेचाळीसचे. १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना मिळत होती. मी बेचाळीसची. बहिणीच्या यजमानांच्या वयाची. म्हणजे माझी भीती नुसती बातम्या पाहून आलेली नव्हती, हे आधी सांगून ठेवते. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या. अर्थात ती सबब म्हणून सांगत नाही.

१ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी लस खुली झाली, पण केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहायची सोय नव्हती. आधी ‘कोविन’वर नाव नोंदवायचं, मग तिथेच दिवस, वेळ आणि केंद्र निवडायचं. हे ज्याला जमलं त्यालाच सुई. वसई-विरारच्या केंद्रांचे स्लॉट कधी खुले व्हायचे ते कळायचंही नाही आणि खुले झाल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत भरून जायचे. मी तीन दिवस प्रयत्न केला. ओटीपी येईपर्यंत पाटी लाल व्हायची.

माझा भाचा मालाडला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. चौथ्या दिवशी तो म्हणाला, “खाला, तुम्ही पिनकोड टाकून शोधताय. जिल्हा टाका. अख्खा पालघर जिल्हा येतो.” त्याच्याकडे टेलिग्रामवरचा ग्रुप होता, स्लॉट खुला झाला की तिथे घंटी वाजायची. दोन मोबाइल, एक लॅपटॉप, वायफाय, सगळ्यांचे आधार क्रमांक आधीच भरलेले. संध्याकाळी इफ्तारच्या थोडं आधी घंटी वाजली. भाच्याने त्याचं, माझं आणि माझ्या लेकाचं नाव एका दमात नोंदवून टाकलं. मग खुशीत म्हणाला, “आदिवासी तालुक्यांतले स्लॉट बरे असतात. ते एक-दीड मिनिट टिकतात.”

मी त्याला शाबासकी दिली. ते का टिकतात, हे तेव्हा मी विचारलं नाही.

६ मे, गुरुवार, तेविसावा रोजा. फजरनंतर निघालो. सुईने रोजा तुटत नाही, हे उलेमांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तिघांचाही रोजा होता. टाळेबंदी होती, पण नाक्यावर पोलिसांना मोबाइलवरची नोंदणी दाखवली की सोडत होते. मनोरपर्यंत हायवे, तिथून विक्रमगड, मग जव्हारचा घाट. आम्ही वसईकर म्हणतो आमचा जिल्हा पालघर, पण २०१४ मध्ये ठाण्यापासून वेगळा झालेल्या या जिल्ह्याचा तो भाग आमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? जव्हारचा राजवाडा आणि दाभोसाचा धबधबा एवढंच आम्हाला माहीत, तेही पावसाळ्यात. मेमध्ये डोंगर करपलेले होते. रस्त्याच्या कडेला बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चालत होत्या. लेकाने गाडीतून त्यांचा फोटो काढला.

केंद्रासमोर पोचलो आणि आधी दिसल्या त्या गाड्या. मी शिक्षिका असल्यामुळे मोजायची सवय आहे. सतरा गाड्या. एमएच ०२, एमएच ०४, एमएच ४७ आणि आमच्यासारख्या एमएच ४८. अंधेरी, ठाणे, बोरिवली, वसई. एका गाडीतून उतरलेल्या मुली सेल्फी काढत होत्या. माणसं एकमेकांशी इंग्रजी-हिंदीत बोलत होती, जणू सहलीला आलोत. रांगही आमचीच होती. गावची माणसं समोरच्या आंब्याखाली बसली होती आणि आमच्याकडे बघत होती. त्यांत पंचेचाळीसच्या वरचे म्हातारे-कोतारे होते, त्यांना बाजूच्या टेबलावर आधार पाहून थेट घेत होते. तरुण मात्र नुसते बसून होते.

माझा नंबर यायला वेळ होता. उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून मी आंब्याच्या सावलीत गेले. तिथे एक पंचविशीचा मुलगा उभा होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. त्याची बायको पोराला घेऊन जरा मागे बसलेली.

मी विचारलं, “तुझा नंबर कितवा?”

“नंबर नाही बाई. नाव मोबाइलमधी पाहिजे म्हणतात.”

“मग नोंदवलं नाहीस?”

“आमच्याकडं साधा आहे,” त्याने खिशातला बटणांचा फोन दाखवला. “रेंज बी त्या टेकडीवर जाऊन लागते. सिस्टर म्हणाली, कुणी नाही आलं तर बघू. म्हणून बसलोय.”

मी त्याला विचारलं, कुठे काम करतो. तो म्हणाला, वसईला. कामणच्या बाजूला वीटभट्टीवर. दिवाळीनंतर जातात, पावसाच्या आधी परत येतात. तो त्याच आठवड्यात परतला होता. भट्टीवर एक-दोघं तापाने गेले म्हणून घाबरून लस घ्यायला आला होता. पाड्यावरून चालत, दीड तास.

मी वसईची आहे, असं मी त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं कोण जाणे. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं.

तो दिवस मनात घोळवताना मी नेहमी या जागी अडकते. मी तेव्हा काय करू शकत होते? माझी जागा त्याला देता आली नसती, नाव माझ्या आधारवर होतं. पण आम्ही तिघं न येतो तर? सिस्टर म्हणालीच होती, कुणी नाही आलं तर बघू. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस असतात आणि कुपी उघडली की चार तासांत संपवायची असते. दहांतले तीन आम्ही घेतले. त्या तिघांच्या जागी तो, त्याची बायको आणि अजून कुणी बसलं असतं की नसतं, हे मला माहीत नाही. पण आम्ही गेलो म्हणून ते नक्की बसलं नाही.

सिस्टर चांगल्या होत्या. दंडाला कापूस लावता लावता म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही येता म्हणून आमचा साठा वाया जात नाही. इथले लोक भितात.” मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. परतीच्या अख्ख्या वाटेवर मला त्याचा फार आधार वाटला. बाहेर पडले तेव्हा तो मुलगा तिथेच होता. मी नजर चुकवून गाडीत बसले.

इफ्तारला अम्मी खजूर पुढे करत म्हणाली, “झाली का सुई? दुखतंय का?” मग प्रवासाची चौकशी केली. मी गाड्या, ऊन, रांग सगळं सांगितलं आणि त्या मुलाचंही सांगून गेले. अम्मी शाळा शिकलेली नाही. आयुष्यभर सोपाऱ्यात बिड्या वळून तिने आम्हाला शिकवलं. तिने शांतपणे विचारलं, “मग त्याला मिळाली का?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

“विचारलं नाहीस?”

भाचा मध्येच बोलला, “नानी, आपण काही चोरी नाही केली. पैसे नाही दिले, वशिला नाही लावला. सरकारचं ॲप आहे, ज्याने आधी बटण दाबलं त्याला मिळालं. सगळ्यांना सारखा नियम.”

तो खोटं बोलत नव्हता. आम्ही एकही नियम मोडला नव्हता. त्या महिन्यात वर्तमानपत्रांत मुंबई-ठाण्याचे लोक पालघर-रायगडच्या खेड्यांत जाऊन लस घेत असल्याच्या बातम्या आल्या, त्यांतल्याही बहुतेकांनी मोडला नसेल. रांग मोडणारा माणूस आपण ओळखतो. रेशनच्या दुकानात कोपर मारून पुढे घुसणारा. इथे कुणी कोपर मारलं नव्हतं. रांगच अशा जागी लावली होती की काही माणसांना तिच्यात उभंच राहता येत नव्हतं.

आणि हे मला कळायला नको होतं असं नाही. उलट मलाच सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. २०२० च्या जूनपासून आमचे वर्ग मोबाइलवर चालू झाले तेव्हा माझ्या अठ्ठेचाळीस मुलांपैकी रोज जेमतेम वीस दिसायची. बाकीच्यांच्या घरात एकच फोन, तो अब्बांबरोबर रिक्षात किंवा गाळ्यावर. स्टाफ मीटिंगमध्ये मी भांडले होते. “फोन नाही म्हणून मुलाची गैरहजेरी लावायची? त्याचा काय गुन्हा?” सहकाऱ्यांनी माझं कौतुकही केलं होतं. आणि पुढच्याच मेमध्ये, जिथे लोकांकडे फोन नाही म्हणून स्लॉट ‘एक-दीड मिनिट टिकतात’, तिथे मी जाऊन बसले.

नातेवाइकांत ही गोष्ट काढली की एक उत्तर ठरलेलं असायचं. आदिवासी लस घेतच नव्हते, मग वाया घालवायची का? थोडं खरं आहे त्यात. पालघरच्या पाड्यांवर तेव्हा खूप अफवा होत्या. सुई घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, असलं काहीबाही. पण हे बोलणाऱ्यांना मी एकच विचारते, आपल्या मोहल्ल्यात काय होतं? हुबेहूब हेच. माझ्याच इमारतीत तीन घरांनी दिवाळीपर्यंत लस घेतली नव्हती. मालेगावचं लसीकरण मागे पडलं म्हणून किती बोललं गेलं. त्याच्या आधी पोलिओच्या थेंबांबद्दल उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये आपल्याच लोकांनी दारं लावून घेतली होती. तेव्हा कुणी असं म्हटलं का, की मुसलमान घेत नाहीत तर त्यांच्या वाट्याची लस दुसऱ्याला द्या? नाही म्हटलं. मौलवींना बरोबर घेतलं, मशिदींतून सांगितलं, आपल्याच बायकांना घरोघर पाठवलं. म्हणून जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा एकही रुग्ण सापडला नाही आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

घाबरलेल्या माणसाची भीती काढायला वेळ लागतो, आणि त्या वेळात त्याचा वाटा त्याच्यासाठी राखून ठेवावा लागतो. मुंबईत १८९७ च्या प्लेगच्या वेळी हाफकिन यांनी लस बनवली तेव्हाही लोक बिचकत होते. आगाखान तिसरे, म्हणजे सुलतान मुहम्मद शाह, तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, मग लोक पुढे आले. मोखाड्या-जव्हारच्या पाड्यांवर असं करायला मे महिन्यात कुणाला वेळच मिळाला नाही. साठा आला तोच आमच्या गाड्यांच्या मागोमाग.

त्याच वर्षी जानेवारीत कॅनडात एक प्रकार घडला होता. तिथल्या युकॉन भागात बीव्हर क्रीक नावाची शंभरेक लोकांची वस्ती आहे, त्यांत बरेच आदिवासी. दवाखाना दूर, म्हणून सरकारने त्यांना लवकर लस दिली. व्हँकुव्हरचं एक श्रीमंत जोडपं खासगी विमानाने तिथे गेलं, आम्ही इथल्या मोटेलमध्ये कामाला आहोत असं खोटं सांगून लस घेऊन आलं. नवरा कॅसिनोच्या मोठ्या कंपनीचा प्रमुख होता. नोकरी गेली, खटला झाला, दंड झाला, साऱ्या जगाने छी-थू केली. मी ती बातमी वाचून हसले होते. काय ही माणसं, म्हणून. आता वाटतं, त्यांना निदान खोटं तरी बोलावं लागलं. तिथे दूरच्या आदिवासींचा नंबर आधी लावायचा, हे सरकारने ठरवलं होतं, म्हणून त्यांची चोरी ही चोरी ठरली. आपल्या यादीत डॉक्टर-नर्स होते, पोलीस होते, साठीचे, पंचेचाळिशीचे, आजारी असे सगळे होते. दुर्गम पाड्यावर राहतो म्हणून ज्याचा नंबर आधी, असा माणूस यादीत कुठे नव्हताच. त्यामुळे आम्हाला खोटं बोलायची पाळीच आली नाही. आमचा आधार क्रमांक खरा होता.

वयाची रेषासुद्धा नीट पाहिली तर सरळ नाही. पंचेचाळीस, साठ हे आकडे कागदावर सगळ्यांना सारखे. पण जिथे कुपोषणाने पोरं जातात, १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जो जव्हार तालुका राज्यभर गाजला, तिथे साठीपर्यंत पोचणारेच आमच्यापेक्षा कमी.

सुप्रीम कोर्टाने ३१ मेच्या आदेशात हाच प्रश्न सरकारला विचारला. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, त्यांनी नोंदणी कशी करायची? त्याच्या थोडं आधी, २४ मेला सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची सवलत मिळाली होती, आणि २१ जूनपासून अठराच्या वरच्या सगळ्यांना केंद्राकडून मोफत लस सुरू झाली. पण मधल्या काळात, १२ मेच्या सुमारास आपल्या राज्याने साठा अपुरा म्हणून अठरा ते चव्वेचाळीसचं लसीकरण थांबवलं होतं. म्हणजे हिशेब केला तर माझ्या सुईनंतर जेमतेम आठवड्यात दार बंद झालं. त्या मुलाला ६ मेला मिळाली नसेल तर निदान जून उजाडेपर्यंत मिळाली नाही.

त्या काळात एक महिना म्हणजे काय, हे माझ्या बहिणीला विचारा.

एकदा हे डोक्यात शिरलं की मग दुसऱ्या गोष्टीही दिसायला लागतात. आमच्या नळाला पाणी येतं ते सूर्या धरणाचं. डहाणू-विक्रमगडच्या डोंगरातलं हे धरण आदिवासींची शेती भिजवायला बांधलं होतं. पुढे आमची वस्ती वाढली आणि पाणी आमच्याकडे वळलं. आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला रोज ४०३ दशलक्ष लिटर द्यायची योजना आहे. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर. लेकाने ज्या बायकांचा फोटो काढला त्या कुठून पाणी आणत होत्या, कोण जाणे. मी हे वाचून काही नळ बंद केलेला नाही. आमची इमारतही त्याच भट्ट्यांच्या विटांची असणार. लस त्या यादीतली अगदी छोटी वस्तू होती, पाच मिलिलिटरच्या कुपीतला अर्धा मिलिलिटर.

ईदनंतर मी आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग मौलानांच्या बायकोशी बोलले. आम्ही त्यांना आपा म्हणतो, बायकांना दीन शिकवतात. मला वाटलं, त्या म्हणतील, जान वाचवणं फर्ज आहे, तू काही गैर केलं नाहीस. तसं त्या म्हणाल्याही. पण मग म्हणाल्या, “बंद्याचा हक राहिला असेल असं तुला वाटत असेल, तर तो बंद्याकडूनच माफ करून घ्यावा लागतो. अल्लाहकडे तौबा केली तरी तो हिशेब वेगळा राहतो.”

मी म्हटलं, “आपा, मला त्याचं नाव माहीत नाही.”

त्या गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, “मग त्याच्या नावाने काहीतरी कर.” मी सदका काढला. पण मनातून पक्कं माहीत होतं, त्याला पैसे नको होते.

ऑगस्टमध्ये दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचे पास मिळू लागले. माझा दुसरा डोस नालासोपाऱ्यातच झाला, चालत जाऊन, पंधरा मिनिटांत. पास काढणाऱ्या पहिल्या लोकांत मी होते. डहाणूहून विरारकडे कामाला येणाऱ्यांत किती जणांच्या हातात तो कागद होता, हे डब्यात बसल्या बसल्या मनात यायचं. डबा रिकामा असायचा. छान वारा यायचा.

नोव्हेंबरात घरोघरी लसीकरणाची मोहीम निघाली. आमच्या वस्तीत उर्दू बोलणारं, ओळखीचं कुणी बरोबर असलं तर बायका दार उघडतात, म्हणून आशाताईंनी मला सोबत मागितलं. मी शाळा सुटल्यावर जायला लागले. बरीच घरं झाली. आमच्या इमारतीतली ती तीनही. एका दादीअम्मांनी तर मला चार वेळा चहा पाजला आणि पाचव्या वेळी दंड पुढे केला.

डिसेंबरच्या एका रविवारी आशाताईंची मैत्रीण म्हणाली, वसई पूर्वेला भट्ट्यांवर माणसं आलीत, नावं लिहायला कुणीतरी हवं. मी लगेच हो म्हटलं. मनात काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल. भट्टीवर झोपड्यांची ओळ होती, विटांच्याच रचलेल्या, वर ताडपत्री. मी प्रत्येक तरुणाचा चेहरा बघत होते. खरं सांगायचं तर मला त्याचा चेहराही नीट आठवत नव्हता. मास्क होता त्याच्या तोंडाला. फक्त ती प्लास्टिकची पिशवी आठवत होती, आणि आधार तर तिथे सगळेच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात.

एका बाईचं नाव लिहिताना गाव विचारलं. मोखाड्याकडची होती. तिचा पहिला डोस व्हायचा होता. सुई पाहून ती मागे सरली आणि मला म्हणाली, “बाई, तुम्ही घेतली?”

“दोन्ही घेतल्या.”

“कुठं?”

मी तिला त्या गावाचं नाव सांगितलं. ती हसायला लागली. तिला वाटलं मी थट्टा करते. शेजारणीला हाक मारून तिने तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं, तीही हसली.

“एवढ्या लांब कशाला? इथं नव्हती?”

“नव्हती,” मी म्हटलं.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पदर बाजूला करून तिने दंड पुढे केला, आणि मी रजिस्टरमध्ये तिचा आधार क्रमांक लिहून घेतला.